धडक कुणाचीही, गाडी अक्कांची

वारज्याला हायवेलगतच्या आमच्या ऑफिसात फोन वाजला आणि पलीकडून बोलण्याऐवजी नुसता दम लागल्याचा आवाज आला, की समजायचं, आपल्या एखाद्या गाडीनं कुठेतरी कशाला तरी धडक दिली आहे. अशा वेळी काय करायचं याची यादी मी टेबलाच्या काचेखाली लावून ठेवली होती. आधी माणूस दवाखान्यात, मग पोलीस, मग विमा कंपनी, मग वकील. अक्कांची यादी एका ओळीची होती.

"कुलकर्णीबाई, माझ्या चपला कुठं हायत?"

चपला सापडल्या की अक्का ज्याला लागलं असेल त्याच्याकडे निघत. चूक कुणाची, सिग्नल कुठला, समोरचा उलट्या बाजूनं आला होता का, यातलं काही विचारायच्या नाहीत. दारात उभ्या राहून पहिलं वाक्य ठरलेलं. "गाडी माझी हाय. काय लागलं ते सांगा."

विमा कंपनीचा माणूस हे ऐकून डोकं धरून बसायचा. "अक्का, असं कबूल नाही करायचं हो! आधी चौकशी होते, मग जबाबदारी ठरते."

"ठरवा की," अक्का म्हणायच्या. "तवर मी बघून येते."

अक्का म्हणजे शेवंताबाई. मूळच्या वारज्याच्याच, शेतकरी घरातल्या. जमीन थोडी रस्त्यात गेली, थोडी बिल्डरकडे गेली. भाऊबंदांनी त्या पैशातून बंगले बांधले, हॉटेलं काढली आणि एकमेकांवर खटले भरले. अक्कांनी एक जीप घेतली. हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या यायला लागल्या होत्या, तिथल्या मुलामुलींना घरून न्यायचं आणि घरी सोडायचं काम मिळालं, एका जीपच्या बऱ्याच जीपा झाल्या. कंपन्यांचे करार इंग्रजीत यायला लागले तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"इंग्रजीत भांडता येतंय का?" त्यांनी विचारलं.

"लिहून भांडता येतं," मी म्हणाले.

"मंग उद्यापास्नं या."

ड्रायव्हरनं केलेल्या चुकीची भरपाई मालकानं का द्यायची, यावर कायद्याची जाड पुस्तकं आहेत. अक्कांनी तो प्रश्न बैलावर सोडवला होता. "माझा बैल दुसऱ्याच्या रानात शिरला, ज्वारी खाल्ली. मंग काय बैलाला नोटीस धाडू का?"

ड्रायव्हरांना हे आवडायचं नाही. एकदा एकानं धीर करून विचारलंच, "अक्का, आम्ही काय बैल आहोत का?"

"न्हाय रं बाबा," अक्का म्हणाल्या, "बैल बरा. त्याच्याकडं मोबाईल नसतोय."

एका कंपनीनं गळ्यात ओळखपत्राची दोरी घातलेला एक तरुण साहेब आमच्याकडे पाठवला होता. सगळ्या गाडीवाल्यांची कार्यपद्धती तो लिहून घेत होता. त्यानं लॅपटॉप उघडून विचारलं, "ॲक्सिडेंट झाला तर तुमची प्रोसेस काय आहे?"

"घरी जातो," अक्का म्हणाल्या.

"स्वतःच्या?"

"त्याच्या. जातो, बसतो, च्या पितो."

"आणि चहा नाही दिला तर?"

"तरी बसतो."

पुढच्या बैठकीत त्यानं हे सगळं भिंतीवर मोठं करून दाखवलं. चौकोन होते, बाण होते. 'चहा दिला' आणि 'चहा दिला नाही' असे दोन वेगळे बाण निघून शेवटी एकाच चौकोनात जात होते. बाकीचे गाडीवाले ते गंभीरपणे उतरवून घेत होते.

या घरी जाण्याच्या सवयीचे घोटाळेही व्हायचे. एकदा कोथरूडहून एक गृहस्थ आले. आमच्या पांढऱ्या जीपनं त्यांच्या स्कूटरचा आरसा उडवला होता म्हणे. अक्कांनी लगेच घरी जाऊन माफी मागितली आणि नवा आरसा बसवून दिला. मी मागाहून तपासलं, तर त्या वेळी आमच्या सगळ्या पांढऱ्या जीपा हिंजवडीला रांगेत उभ्या होत्या. मी अक्कांना तसं सांगितलं.

"मग कुणाची व्हती?"

"दुसऱ्या ट्रॅव्हलवाल्यांची असणार. कर्वेनगरच्या."

अक्कांनी पुन्हा चपला घातल्या. मला वाटलं, आरशाचे पैसे मागायला निघाल्या. त्या गेल्या आणि त्या ट्रॅव्हलवाल्याला त्याच्या बायकोसमोर झाडून आल्या, की तुझी गाडी माणसाला धडकते आणि तू घरी जात न्हाईस, काय माणूस हायस का कोन? तो बिचारा इतका घाबरला, की त्यानंही जाऊन एक आरसा दिला. त्या गृहस्थांच्या स्कूटरला पूर्वी एकच आरसा होता. आता दोन झाले. त्यांनी आमच्याकडे पेढे पाठवले.

अक्कांचा दुसरा कडक नियम तंबाखूचा. आमच्याकडे ड्रायव्हरला तंबाखू, गुटखा, विडी, सगळं बंद. सकाळी गाड्या निघायच्या आधी अक्का एकेकासमोर उभ्या राहायच्या. "आ कर." मग वास घ्यायच्या. वास आला की त्या दिवशी गाडी नाही. वारज्याच्या महिला मंडळात व्यसनमुक्तीवर भाषणसुद्धा त्याच करायच्या, आणि बायका नवऱ्यांना कानाला धरून ऐकायला आणायच्या.

आणि अक्का मिश्री लावायच्या.

भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. सगळ्यांची तोंडं हुंगून झाली, गाड्या गेल्या, की अक्का ऑफिसामागच्या नळाशी पाठमोऱ्या उभ्या राहायच्या. कुणी विचारलं तर "दाताचं औषध." हे औषध लावल्याशिवाय त्या खुर्चीत बसत नसत आणि तोवर कुणी त्यांना कामाचं विचारायचं नाही, ही ऑफिसची रीत. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे हे फक्त अक्कांना माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं यासाठी सगळे ड्रायव्हर झटायचे.

त्यांतला सर्वांत जास्त झटणारा गजानन. यवतमाळकडचा. पुण्यात येऊन लग्न केलेलं, वारज्यात नुकतीच कर्ज काढून एक खोली घेतलेली, बायकोला दिवस गेलेले. अक्कांचं 'औषध' आणायचं काम त्याच्याकडे होतं. वारज्यात दुकानं होती, पण प्रत्येक गल्ल्यावर अक्कांचा कुणीतरी चुलतभाऊ बसलेला. म्हणून औषध कर्वेनगरच्या गावठाणातल्या एका दुकानातून यायचं. हिंजवडीला मुलांना सोडून रिकामी जीप परत येताना गजानन वाट वाकडी करायचा.

एका सकाळी त्यानं पुडी घेतली, जीपमध्ये बसला, आणि समोरून आमचीच दुसरी जीप येताना त्याला दिसली. तंबाखूच्या दुकानासमोर आपण दिसलो आणि बोभाटा झाला, तर वास न येताही अक्कांना आपली गाडी काढून घ्यावी लागणार, आणि खरं कारण सांगितलं तर अक्कांची अब्रू जाणार. एवढा विचार त्यानं केला. त्या नादात मागे बघायचा विचार राहिला. जीप झपकन मागे घेतली.

मागे सायकलवर लेले सर होते.

लेले सर म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. घरी एकटेच. सायकलवरून घरोघरी शिकवण्यांना जायचे, त्यावर त्यांचं चालायचं. पाय मोडला. रस्त्यावर पडल्या पडल्या त्यांनी गजाननला विचारलं, "मागे बघून गाडी मागे घ्यायची पद्धत आपल्या गावी नाही का?"

अक्का दवाखान्यात गेल्या. "गाडी माझी हाय," त्या म्हणाल्या.

"अभिनंदन," लेले सर म्हणाले.

अक्कांना असली माणसं आवडायची. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की सरांचं प्लास्टर निघेपर्यंत गजाननानं सकाळी त्यांच्या घरी जाऊन पडेल ते काम करायचं, आणि शिकवण्यांना त्यांना जीपमधून न्यायचं. जीपमधून जायला सरांनी साफ नकार दिला. "त्या वाहनाची आणि माझी ओळख पुरेशी झाली आहे." मग मुलंच त्यांच्याकडे यायला लागली, पण निम्मीच. लांबच्यांनी दुसरे सर धरले.

गजानन पाणी भरायचा, दूध आणायचा, सरांच्या पायाखाली उशी ठेवायचा. आल्यावर रोज आम्हाला ऐकवायचा.

"आज काय म्हणाले सर?" मी विचारायची.

"म्हने, दूध आणलंस? शाब्बास. येताना कोणाले पाडलं? मी म्हनलं, कोणालेच नाही जी. तं म्हने, बघ, पायी चाललास की किती प्रगती होते."

सरांना शिकवण्या गेल्याचं आणि पुढे पाय नीट दुमडणार नसल्याचं नुकसान होतं. त्यांनी मोटार अपघात न्यायाधिकरणात रीतसर भरपाईचा दावा लावला. दाव्यात प्रतिवादी तिघं. ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी. अक्कांना त्याचं काहीच वाईट वाटलं नाही. दाव्याच्या कागदांवर सरांच्या सहीसाठी गजाननच त्यांचा चष्मा शोधून द्यायचा.

अडचण निघाली ती पोलिसांपुढच्या जबाबात. तिथे काय करत होतास, असं विचारल्यावर गजाननानं सांगून टाकलं होतं, "असाच गेलो होतो ना जी. फिराले."

विमा कंपनीच्या वकिलांचे डोळे चमकले. ते ऑफिसात आले आणि टेबलावर बोट आपटून समजावू लागले. "अक्का, तुमचं आणि आमचं दोघांचंही सुटलं. ड्रायव्हर तुमच्या कामावर नव्हता, स्वतःच्या मौजेसाठी गेला होता. म्हणजे मालक जबाबदार नाही, आणि मालक नाही तर आम्हीही नाही. तुम्ही साक्षीत एवढंच सांगा, मी पाठवलं नव्हतं."

"आनि मंग त्या मास्तराला पैकं कोन देनार?"

"ड्रायव्हर."

"कुठनं?"

वकिलांनी खांदे उडवले. "त्याची खोली आहे म्हणे वारज्यात."

ते गेले. अक्कांनी लगेच गजाननला बोलावलं. "फिरायला गेल्तो म्हनून का सांगितलंस रं?"

"मंग काय सांगू? तुमचं नाव कायले खराब करू? मंडळात भाषण करता तुम्ही."

"भाषन गेलं चुलीत. खोली जाईल तुझी."

"जाऊ द्या ना अक्का. भाड्यानं राहीन."

अक्का उठून ऑफिसामागे गेल्या. मी समजले की औषध. पण त्या नळाशी नुसत्याच उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "कुलकर्णीबाई, खरं सांगायचं म्हंजे आख्खं वारजं हसंल का?"

मी हिशेब केला. "वारजं, कर्वेनगर आणि कोथरूडचा काही भाग," मी म्हणाले.

साक्षीच्या दिवशी आमच्या गाड्यांचं वेळापत्रक जुळवताना माझे हाल झाले, कारण मोकळा असलेला प्रत्येक ड्रायव्हर न्यायाधिकरणात जाऊन मागच्या बाकावर बसला होता. महिला मंडळाच्या चार बायकाही आल्या होत्या. अक्कांना धीर द्यायला आलो, असं त्या म्हणत होत्या. अक्कांना त्या दिसल्या आणि उरलासुरला धीरही गेला. कुबडी टेकून लेले सर पुढच्या बाकावर बसलेले.

विमा कंपनीच्या वकिलांनी मऊ आवाजात सुरुवात केली. "शेवंताबाई, गजानन त्या सकाळी कर्वेनगरला गेला. तुम्ही त्याला पाठवलं होतं का?"

अक्कांनी न्यायाधीशांकडे बघितलं. "साहेब, ही मागची मानसं जरा भाईर बसवता का?"

"न्यायालय खुलं असतं, बाई."

"मंग निदान दार लावा."

"उत्तर द्या, बाई."

अक्कांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "मीच पाठवला व्हता."

वकिलांचा मऊपणा गेला. "कशासाठी?"

"औषधाला."

"कसलं औषध?"

"दाताचं."

"कुठल्या डॉक्टरांकडे?"

"डॉक्टर न्हाय. दुकान हाय."

"कसलं दुकान?"

मागच्या बाकावर गजानन ताडकन उभा राहिला. "साहेब, अक्का खोटं बोलून राहिल्या! मीच फिराले गेलो होतो!"

"गप बस मुडद्या!" अक्का कडाडल्या. "मी पाठवला व्हता तुला! आनि फिरायला कसा गेलास, कर्वेनगरच्या गावठाणात बघायला हाय काय?"

"म्हशी हायेत ना!"

"एका वेळी एकानंच बोला," न्यायाधीश म्हणाले. "आणि साक्षीदारानंच बोला."

"तंबाखूचं दुकान," अक्का एकदम म्हणाल्या. "मिश्री लावते मी. घ्या लिहून. आनि तुमी," हे मंडळाच्या बायकांकडे बघून, "पदर तोंडावर घेऊन हसू नका. सरळ हसा."

त्या सरळ हसल्या. ड्रायव्हर मात्र कुणी हसलं नाही. ते सगळे छताकडे बघत होते, जणू ही बातमी त्यांना आत्ताच कळली आणि धक्का बसला.

वकिलांनी अजून सोडलं नव्हतं. "म्हणजे हे तुमचं खासगी काम झालं. धंद्याचं नव्हे. धंद्याशी मिश्रीचा काय संबंध?"

हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनं चांगला होता, हे मलाही मान्य करावं लागेल. अक्कांना तो मुद्दा आहे हेच कळलं नाही. त्यांना वाटलं, वकील खरंच माहिती विचारतायत.

"संबंध म्हंजे? ती लावल्याबिगर मी खुर्चीत बसत न्हाय. मी बसल्याबिगर डिझेलचं पैकं कुनाला मिळत न्हाईत. एकदा दोन दिस मिळाली न्हवती, तर तिकडं हिंजवडीत संगनक बंद पडायची पाळी आलती. विचारा कुलकर्णीबाईंना."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. संगणक बंद पडले नव्हते, पण बाकीचं अक्षरशः खरं होतं. मी मान हलवली.

न्यायाधीशांनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला.

लेले सर पुढच्या बाकावरून, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाले, "माझा पाय पुडीभर तंबाखूपायी गेला, हे कळून बरं वाटलं. मी समजत होतो, काही क्षुल्लक कारण असेल."

निकाल यायला वेळ लागला, पण आला तो सरांच्या बाजूनं. गजानन मालकाच्या सांगण्यावरून, मालकाच्याच कामाला गेला होता, सबब मालक जबाबदार आणि मालकाच्या वतीनं भरपाई विमा कंपनीनं द्यायची. गजाननची खोली राहिली. तोवर तिच्यात पाळणाही आला होता. बारशाला लेले सर काठी टेकत गेले आणि पाळण्यात डोकावून म्हणाले, "हा मागे बघतो. याला गाडी द्यायला हरकत नाही."

पण साक्षीच्या दुसऱ्याच सकाळी वारज्यात वेगळाच पेच उभा राहिला. गाड्या निघायच्या वेळी अक्का बाहेर आल्या, आणि "आ कर" म्हणायला त्यांचं तोंडच उघडेना. ड्रायव्हर समोर आपापली तोंडं उघडून उभे. कुणालाच हलता येईना. हिंजवडीहून फोन यायला लागले.

शेवटी अक्काच म्हणाल्या, "नियम मी मोडला. मला काय शिक्षा करायची ती तुमी ठरवा."

ड्रायव्हर शेजारच्या टायरांच्या दुकानापाशी गोळा होऊन कुजबुजले. तेवढ्या वेळात मी तीन कंपन्यांची माफी मागितली. मग सगळ्यांनी गजाननला पुढे ढकललं.

"अक्का," तो म्हणाला, "शिक्षा अशी, की तुम्ही गाडी शिका."

"मी?"

"हाव. येक डाव बसून तं पाहा. मागून धा जण हॉर्न वाजवते, आडवं कुत्रं येते, आन् तुमी फोनवर इचारता, कुठं पोचला रं? मंग समजन बैल कोन हाय ते."

अक्कांनी शिक्षा मान्य केली. मिश्रीही सोडते म्हणाल्या. ती महिन्याभरानं परत धरली, पण आता मागच्या नळाशी नव्हे, ऑफिसच्या पायरीवर, सगळ्यांदेखत. तोंडं हुंगायची पद्धतही सुरूच राहिली. फरक एवढाच, की आधी गजानन त्यांचं तोंड हुंगायचा आणि नाक मुरडून म्हणायचा, "अक्का, आज तुम्हाले गाडी नाही."

पुढे मी ते काम सोडलं. हिंजवडीतल्याच एका कंपनीत गेले, तिथे यादी करायला वेगळा विभाग होता. कामावर रुजू होताना अनेक कागदांवर सह्या केल्या. त्यांतल्या एकात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की येताजाता स्वतःच्या वाहनानं काही अपघात झाल्यास कंपनीचा त्याच्याशी काडीचाही संबंध राहणार नाही. मी सही केली. सगळेच करत होते.

एका संध्याकाळी स्कूटरवरून घरी परतताना वारज्याच्या आतल्या रस्त्यावर वाहनांची ही लांब रांग लागलेली दिसली. हॉर्नचा गदारोळ चाललेला. मी कडेकडेनं पुढे गेले, तर रांगेच्या तोंडाशी एक जीप, तिच्यावर शिकाऊ चालकाचं लाल अक्षर, आणि स्टिअरिंगमागे नऊवारीतल्या अक्का. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलेलं, की जणू ते पळून जाईल. शेजारची सीट रिकामी होती, कारण गजानन खाली उतरून जीपच्या बरोबरीनं चालत होता. आणि तो पुढे जात होता.

मी वळसा घालून पुढे निघणार, इतक्यात आवाज आला. "कुलकर्णीबाई! ए बाई! हळू!"

मी थांबले. जीप आपोआपच थांबली. मागचे हॉर्न दुप्पट झाले. अक्कांनी मान न वळवता, समोर नजर ठेवूनच ओरडून विचारलं, "येवढ्या जोरात चाललीस, कुनाला धडकलीस तर नाव कुनाचं सांगशील?"

मी कंपनीचं नाव घ्यायला तोंड उघडलं. मग तो बारीक अक्षरांतला कागद आठवला.

"तुमचंच, अक्का," मी म्हणाले.

"सांग," अक्का म्हणाल्या. "आनि पत्ता नीट दे. मला चपला घालून यायला लागतं." आणि जीप पुन्हा सुरू करायला त्यांनी किल्ली फिरवली, तर वायपर चालू झाले.